मुक्कामी गाडीतला पाळणा

आमची एसटी गाडी कधी वेळेवर सुटली नाही याला कारण माझा कंडक्टर, आणि ती कधी खड्ड्यात गेली नाही यालाही कारण तोच, असं त्याचं ठाम म्हणणं होतं. गाडी रस्त्यावर ठेवण्याचं श्रेय मला द्यायला तो तयार नसे. आता, ड्रायव्हर मी होतो. स्टिअरिंग माझ्या हातात, ब्रेकवर पाय माझा. पण पळसदरीकडच्या वळणावरून गाडी सुखरूप निघाली की मागून आवाज यायचा, "प्रभूची कृपा." एकदा मी वैतागून म्हणालो, "मग उद्यापासून प्रभूलाच बसव माझ्या जागेवर." त्यावर तो तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "आरं गड्या, तो बसलेलाच हाय. तूच त्याच्या मांडीवर बसतो रोज."

त्या दिवसानंतर बरेच दिवस मला सीटवर बसताना अवघडल्यासारखं व्हायचं.

ही साठ-सत्तरच्या दशकातली गोष्ट. कर्जतच्या डेपोत तो कंडक्टर, मी ड्रायव्हर. दिवसा कर्जत-खोपोली अशा खेपा आणि संध्याकाळी कळंबच्या पुढच्या एका गावाला जाणारी मुक्कामी गाडी. ती गाडी रात्री त्या गावातच थांबायची आणि सकाळी पहिल्या फेरीला निघायची. कित्येक वर्षं आमची जोडी फुटली नाही. डेपोतल्या साहेबांनी एकदा ती फोडून पाहिली. त्याच्याबरोबर दिलेला दुसरा ड्रायव्हर आठवड्याच्या आत अर्ज घेऊन गेला, की साहेब, मला देव चालतो, पण एवढा नको.

तो ख्रिस्ती होता, आजोबांपासून. मूळचा नगरकडचा. त्याचे वडील गावोगाव टाळ-मृदंग घेऊन ख्रिस्ती कीर्तनं करत हिंडायचे. वडिलांकडून त्याला दोन गोष्टी मिळाल्या होत्या, खणखणीत गळा आणि कुणाच्याही ओसरीवर जाऊन बसायची सवय. अंगानं बुटका आणि रुंद. खाकी शर्टाची गुंडी पोटावर कायम ताणलेली. मी खालापूरकडचा, भाताच्या खाचरात वाढलेला. देवळात सणासुदीला जाणारा आणि विडी ओढणारा माणूस. आमचं का जमलं हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. पण जमलं, आणि असं जमलं की माझी बायको मी घरी उशिरा आलो तर मला न विचारता त्यालाच विचारायची. कारण तो खोटं बोलत नसे. त्याची मला बरीच अडचण झाली.

गाडी सुटायच्या आधी तो खाली उतरायचा, गाडीच्या तोंडाशी जायचा, टोपी काढून काखेत धरायचा, बॉनेटवर उजवा हात ठेवायचा आणि डोळे मिटायचा. केबिनमध्ये माझं वेगळं चाललेलं असे. मी खंडोबाची तसबीर लावलेली होती, तिला हार आणि उदबत्ती. आधी माझी उदबत्ती आणि मग त्याची प्रार्थना, असं आमचं न बोलता ठरून गेलं होतं. मी कधी विसरलो तर तो बाहेरून काचेवर टकटक करून विचारायचा, "तुझं झालं का? मग मी चालू करतो." शिळफाट्याचा एक किराणावाला नेहमी म्हणायचा की या गाडीत बसलं की दोन्हीकडून बंदोबस्त असतो.

प्रार्थना तो मोठ्यानं करायचा. एरवी बोलणं नगरकडचं, रांगडं, पण देवाशी बोलताना एकदम छापील मराठी. गाडीत बसलेल्या लोकांना ते पाठ झालं होतं. हळूहळू खिडक्यांतून माणसं आपापलं सांगायला लागली. "मास्तर, पोराची परीक्षा हाय." "मास्तर, जावय दारू सोडत नाय, त्याचं बी सांगा." तो डोळे न उघडता मान हलवायचा आणि एकेक करून सगळं वर कळवायचा. आमच्या मुक्कामाच्या गावात भागाआजी म्हणून एक म्हातारी होती. बाजाराच्या दिवशी ती आमच्या गाडीनं कर्जतला यायची. एकदा तिनं खिडकीतून सांगितलं, "मास्तर, माजी म्हस पान्हवत नाय रं. सांग तुज्या देवाला."

तो डोळे न उघडता म्हणाला, "हे दयाघन पित्या, भागाबाईंच्या म्हशीकडे कृपादृष्टीने पाहा."

अख्खी गाडी हसली. तो हसला नाही. पुढचा आठवडाभर तो रोज गावात उतरला की आधी तिच्या गोठ्याकडे जाऊन चौकशी करायचा. म्हैस पान्हवली त्या दिवशी आजी तांब्याभर दूध घेऊन गाडीपाशी आली आणि म्हणाली, "ऐकतो रं तुजा देव. पन टाइम लई लावतो."

"तो बी आपल्याच गाडीनं येतो, आजी," हा म्हणाला.

जेवणाआधीही प्रार्थना असायची. मुक्कामाच्या गावी आम्ही गाडीच्या पायरीवर डबे सोडून बसायचो. त्याच्या प्रार्थनेची लांबी डब्यात काय आहे त्यावर अवलंबून असे, असं माझं निरीक्षण होतं. वांग्याला दोन वाक्यं आणि बोंबलाला चांगलं लांबलचक स्तवन. वहिनी, म्हणजे त्याची बायको, सुक्या बोंबलाची चटणी अशी करायची की मला धीर धरवत नसे. तो डोळे मिटून आभार मानत असताना मी हळूच एक तुकडा उचलायचो. तो तसाच मिटल्या डोळ्यांनी म्हणायचा, "आणि आमच्या शेजाऱ्याला क्षमा कर, कारण तो काय करतो हे मला चांगलं ठाऊक आहे. आमेन. ठेव परत."

त्याच्या खरं बोलण्याचा डेपोनंही एकदा अनुभव घेतला. चौकशीच्या खिडकीवरचा माणूस रजेवर होता म्हणून साहेबांनी एक दिवस याला तिथं बसवलं. दुपारपर्यंत स्टँडवर हलकल्लोळ. कुणी विचारलं, "खोपोलीची गाडी किती वाजता?" तर फळ्यावर लिहिलेली वेळ वाचून दाखवून हा पुढं सांगायचा, "पण त्या वेळेला येणार न्हाई. च्या पिऊन या." एकानं विचारलं, "मग नक्की कधी येईल?" तर म्हणाला, "ते फक्त बापाला ठाऊक." हा बोलत होता देवबापाबद्दल, त्या माणसाला वाटलं साहेबांच्या वडिलांबद्दल बोलतोय. संध्याकाळी त्याला खिडकीवरून उठवलं ते कायमचंच. पण त्या दिवशी स्टँडवर एकही भांडण झालं नव्हतं, लोक निवांत चहा पीत बसले होते, हेही मी पाहिलं आहे.

भांडणांचं मात्र त्याला वावडं नव्हतं. संतापी होता. गर्दीत कुणी पायावर पाय दिला, सुट्ट्यावरून हुज्जत घातली की तोंड सुटायचं. मग आठवडाभर तो अस्वस्थ. रविवारी तो उपासनेला जायचा, आणि मनात कुणाशी वैर ठेवून तिथं जायचं नाही असा त्याचा नियम. त्यामुळे शनिवारची शेवटची खेप ही त्याची माफीची खेप असायची. एका शनिवारी कुंभिवलीला अचानक एक बेल झाली. मी गाडी थांबवली. थांबा नव्हता, कुणी उतरणारा नव्हता. हाच उतरला आणि रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला. आठवड्यात कधीतरी तो त्या हॉटेलवाल्याला गाडीत चढवलेल्या कोंबड्यांच्या खुराड्यावरून वाटेल ते बोलला होता. आता भरली गाडी रस्त्यात उभी, आणि हा आत टोपी काखेत धरून त्याची माफी मागतोय. हॉटेलवाला एवढा घाबरला की आधी त्याला काही समजेना. मग समजल्यावर तो सोडेना, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही म्हणाला. लोकांनी खिडकीतून ओरडा केला तेव्हा हॉटेलवाल्यानं त्यांनाही चहा पाजला.

तेव्हापासून तो हॉटेलवाला दर गुरुवार-शुक्रवारी काहीतरी कारण काढून याच्याशी भांडायला लागला. शनिवारी हा माफी मागायला आला की दोघं खुशीत चहा प्यायचे. मी त्याला म्हटलं, "अरे, तो मुद्दाम भांडतो तुझ्याशी." तर म्हणाला, "मला ठावं हाय की. पण त्याला दुसरं कोण हाय माफी मागायला येणारं?"

गाणं तर सतत चालू. तिकिटाला भोक पाडायचा तो लोखंडी चिमटा कंडक्टरच्या हातात असतोच. गाडी रिकामी असली की हा दांडीवर चिमट्याचा ताल धरून आपल्या वडिलांची पदं गायचा. टकटक टकटक टकटक. त्याचं पाहून डेपोतले इतर कंडक्टरही तसा ताल धरायला लागले. कँटीनमध्ये पाच-सहा जण जमले की चिमटे वाजायचे आणि साहेब खिडकी लावून घ्यायचे. गाण्याच्या बाबतीत माझी किंमत त्याच्या लेखी शून्य. "तुझ्या गळ्यापेक्षा आपला हॉर्न सुरात हाय," असं तो चारचौघांत सांगायचा, आणि ते खरं होतं.

एके संध्याकाळी मुक्कामाच्या गावी आम्ही नदीवर आंघोळ करत होतो. पलीकडच्या काठानं एक प्रेतयात्रा चालली होती आणि बायांचा आकांत इकडपर्यंत येत होता. तो डोक्यावर पाणी ओतता ओतता थांबला. मग मला म्हणाला, "गड्या, माझ्या वेळेला असलं न्हाई चालायचं. मी काय परक्या घरी चाललोय व्हय? बापाच्या घरी चाललोय. गाणं पाहिजे. आणि ते तू सुरू करायचं."

"मी?" मी म्हणालो. "मला सारेगम येत नाही."

"म्हणून तर तुला सांगतो. चांगला गाणारा एकटाच गातो आणि बाकीचे ऐकत बसतात. तू तोंड उघडलंस की लोक तुला थांबवायला तरी गायला लागतील."

मी हसण्यावारी नेत होतो. म्हटलं, "मी तुझ्याआधी जाणार, माझ्या विड्या बघतोस ना." तो हसला नाही. पाण्यातून तसाच ओला माझ्यापुढं येऊन उभा राहिला आणि हात पुढं केला. वचन घेतल्याशिवाय त्यानं मला कपडे घालू दिले नाहीत, कारण माझे कपडे त्याच्या काखेत होते. मी हातावर हात मारला. "सूर तू धर," तो म्हणाला, "पुढचं प्रभू बघंल."

आता पाळण्याचं सांगायला हवं.

त्याच्याही आधी एका वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी नेमकी आमची मुक्कामी ड्युटी आली. त्याला सुट्टी मिळाली नाही. वहिनी आणि दोन लहान मुली कर्जतला आणि हा इकडं. गाडी गावात लावल्यावर तो पहिल्यांदाच गप्प बसलेला मी पाहिला. भागाआजी दुधाचं भांडं घेऊन चालली होती. तिनं विचारलं, "मास्तर आज का रं असा बसलाय?" मी सांगितलं, आज त्याच्या देवाचा जन्म आहे आणि तो घरी नाही.

"जल्म हाय?" ती म्हणाली. "मंग पालना कुटं हाय?"

"आमच्यात पाळणा नसतो आजी," तो म्हणाला. "देव गोठ्यात जन्मला. गव्हाणीत निजवला त्याला."

"गोठ्यात? त्याच्या आयशीला घरात कुनी घेतलं नाय?"

"न्हाई घेतलं."

म्हातारी उभ्या उभ्या संतापली. भांडं तिथंच ठेवून ती गावात गेली. दिवेलागण होते न होते तोच अर्धं गाव गाडीपाशी जमा. त्यांच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. रामजन्माला पाळणा, कृष्णजन्माला पाळणा, तर यालाही पाळणा हवा, आणि देवाच्या आईला घराबाहेर ठेवलेलं आमच्या गावात चालणार नाही. सामान ठेवायच्या फळीच्या दोन दांड्यांना लुगड्याची झोळी बांधली. आत बाळ म्हणून कुंची घातलेला नारळ. बायांनी गाडी शेणानं सारवायला काढली होती, ती मी हातापाया पडून थांबवली. भजनी मंडळ टाळ-पखवाज घेऊन मागच्या सीटवर बसलं. वरच्या ठाकरवाडीतली चार माणसंही दिवा पाहून खाली आली. सगळे बसले आणि बुवा म्हणाले, "हां मास्तर, म्हना तुमचा पालना."

त्याच्याजवळ पाळणा नव्हताच. पण कीर्तनकाराचा मुलगा. त्यानं चिमटा काढला, दांडीवर ताल धरला आणि जागच्या जागी रचून म्हटलं,

गव्हाणीत निजला राजा गं, गवताची केली गादी,
उशाशी बैल उभा गं, पायाशी मेंढी साधी, जो जो रे जो.

लोकांनी उचलून धरलं. दोन-तीनदा झाल्यावर भागाआजीनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. तिचं समाधान झालेलं नव्हतं. कोवळ्या पोराला नुसतं गवत कसं घालता, असं तिचं म्हणणं. मग तिनं स्वतःच पुढचं कडवं म्हटलं,

गवत टोचंल बाळाला गं, गोधडी घाला खाली,
ठिगळं लावून लावून मी गं बाळासाठी केली, जो जो रे जो.

त्याचा ताल चुकला. एवढ्या वर्षांत तो एकदाच चुकला. नंतर सुंठवडा वाटला, नारळाला सगळ्यांनी झोके दिले, मीही दिला. मग दरवर्षी तो आपणहून ती ड्युटी मागून घ्यायला लागला आणि वहिनी-मुलींनाही गाडीतून आणायचा. पाळणा त्या गावाचाच झाला. भजनी मंडळाला ख्रिस्ती असं ते एकच गाणं यायचं, आणि मलाही.

एका दुपारी, शिमग्याच्या अलीकडे, खोपोलीच्या स्टँडवर आम्ही चहा पीत होतो. तो मला काहीतरी सांगत होता आणि सांगता सांगता स्वतःच हसत होता. कप खाली ठेवून म्हणाला, "थांब, पुढं तर ऐक." आणि बाकावर मागं टेकला. मी पुढचं ऐकायला थांबलो. मग माझ्या लक्षात आलं.

लोकांनी उचलून त्याला आमच्याच गाडीत निजवलं. मी गाडी दवाखान्याकडे काढली. बेल कुणी दिली नाही, पुढं कुणी उभं राहिलं नाही, उदबत्ती नाही, काही नाही. एवढ्या वर्षांत आमची गाडी प्रथमच तशी सुटली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, तुम्ही काही करू शकला नसता. चाळिशीतला माणूस. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून मोठमोठ्यानं रडलो. ते वचनात बसत नव्हतं, पण तिथं त्याच्याशिवाय मला ओळखणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कर्जतला त्याची माती झाली. इंग्रजांच्या राज्यात रेल्वेच्या ख्रिस्ती लोकांच्या दफनासाठी राखलेली थोडी जागा गावाबाहेर होती, तिथं. नगरहून निघालेले त्याचे भाऊबंद अजून पोचले नव्हते, आणि उन्हामुळे फार थांबता येत नव्हतं. पुण्याहून म्हातारे पाळकसाहेब, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, आले होते. त्यांचा आवाज मुळात बारीक, त्यात प्रवासानं बसलेला. गावात ख्रिस्ती घरं दोन-चार, तीही दक्षिणेकडची. त्यांची गाणी त्यांच्या भाषेतली. डेपोतून मात्र सगळे आले होते. ड्युटी संपवून आलेले, ड्युटीवर निघालेले, खाकी कपड्यांची रांगच उभी होती. कुंभिवलीचा हॉटेलवालाही आला होता. आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं आमचं मुक्कामाचं गाव आलं होतं, भजनी मंडळ आणि भागाआजीसकट.

माझ्या डोक्यात रात्रभर एकच चाललं होतं. गाणं मी सुरू करायचं आहे. आणि मला येतो तो पाळणा. आमच्यात मेलेल्या माणसाजवळ पाळणा म्हणणं म्हणजे अभद्र, शत्रूच्याही वाट्याला येऊ नये असं. ख्रिस्ती लोकांत ते कसं दिसेल, पाळक काय म्हणतील, वहिनींना काय वाटेल, काही कळत नव्हतं. चूक झाली तर त्याच्या शेवटच्या दिवसाचं हसं होणार, आणि ते माझ्यामुळे. न म्हणावं तर हातावर मारलेला हात खोटा. पाळकसाहेब वाचत होते. शवपेटी दोरांवर धरून खाली सोडायला घेतली. तेवढ्यात भागाआजीनं ऊर बडवला. "आरं माज्या मास्तराऽ, मला टाकून कुटं चाललास रंऽ" तिच्यामागून गावच्या सगळ्या बायांनी सूर लावला, आणि त्यानं नदीवर ज्याला नाही म्हटलं होतं तेच सुरू झालं. त्याच्या धाकट्या मुलीनं घाबरून आईचा पदर तोंडात धरला.

मी टोपी काढली, काखेत धरली आणि तोंड उघडलं.

"गव्हाणीत निजला राजा गं..."

काय निघालं ते मला विचारू नका. मला एवढंच माहीत आहे की रडणं जागच्या जागी थांबलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाळकसाहेबांचं बोट पुस्तकात तसंच राहिलं. मी वहिनींकडे बघायचं टाळलं आणि दुसरी ओळ ओढली. भजनी मंडळाचे बुवा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर कळ उठल्यासारखं दिसलं. दोन ओळी त्यांनी कशाबशा सोसल्या, आणि मग त्यांना राहवलं नाही. त्यांनी योग्य पट्टीत सूर लावला. मंडळानं तो उचलला. तो म्हणाला होता अगदी तसंच झालं, लोक मला थांबवायला गायला लागले.

मग मागून आवाज आला. टक. टकटक. डेपोतल्या कुठल्या तरी कंडक्टरनं खिशातला चिमटा काढला होता. शेजारच्यानं काढला. मग सगळ्या खाकी रांगेनं काढले. एरवी कँटीनमध्ये जो ताल चालायचा तोच, पण एकाच वेळी इतके चिमटे मी त्याआधी ऐकले नव्हते आणि नंतरही नाही. साहेबसुद्धा तिथं होते. या वेळी ते पायानं ताल धरत होते.

कडवं संपलं. आता काय, म्हणून सगळे थांबले. पाळकसाहेबांनी चष्मा वर केला आणि त्या बसक्या आवाजात मला विचारलं, "पुढचं कडवं येतं का?"

पुढचं कडवं माझं नव्हतं. मी भागाआजीकडे पाहिलं. म्हातारीनं पदरानं नाक पुसलं, पुढं आली, खाली जात असलेल्या पेटीकडे वाकून पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणायला लागली. गवत टोचंल बाळाला गं, गोधडी घाला खाली. तिनं ते पूर्ण म्हटलं. तोवर पेटी तळाशी टेकून दोर सैल झाले होते.

लोक एकेक मूठ माती घालून बाजूला होत होते तेव्हा आजी माझ्यापाशी आली आणि कुजबुजली, "पालना झाला पन सुंठवडा आनायचा कुनाच्या ध्यानात नाय आला रं." मी म्हटलं, चालतं आजी.

वहिनींसमोर मला जायचं धैर्य होत नव्हतं. त्याच आल्या. डोळे सुजलेले होते. मी म्हणालो, "वहिनी, राग मानू नका. त्यानं वचन घेतलं होतं माझ्याकडून, आणि मला दुसरं काही येत नाही."

"मला माहीत आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी घरी आल्यावर सांगितलं होतं मला. म्हणाले, मी आधी गेलो तर तो गाणार. आणि पाळणाच गाणार बघ, त्याला दुसरं येतं कुठं. तू घाबरू नकोस, तेव्हा हस." एवढं बोलून त्या खरोखरच हसल्या. रडत होत्या आणि हसत होत्या. मुलींनीही आईकडे पाहून हसायला सुरुवात केली. मला त्याचा असा राग आला की तो समोर असता तर मी त्याला दोन गुद्दे घातले असते.

संध्याकाळची मुक्कामी गाडी मलाच न्यायची होती. गाव परत जायचं होतं. तसबिरीला उदबत्ती लावली. मागं नवा, पोरसवदा कंडक्टर होता. त्यानं तिकिटं दिली आणि बेलच्या दोरीला हात घातला. पण ती ओढायचा त्याला धीर होईना, कारण भरल्या गाडीतले सगळे पुढच्या काचेकडे बघत होते. बॉनेटपुढं कुणी नव्हतं.

भागाआजी मागून म्हणाली, "आरं, म्होरं कोन उबं राहनार?"

कुणी उठेना. मग मीच खाली उतरलो. गाडीच्या तोंडाशी गेलो, टोपी काखेत धरली, बॉनेटवर उजवा हात ठेवला. पत्रा उन्हानं तापलेला होता. डोळे मिटले. "हे दयाघन पित्या," मी म्हणालो. इतकी वर्षं ऐकून तेवढं पाठ होतं. पुढं काही सुचेना. मला त्याच्याबद्दल काहीतरी म्हणायचं होतं.

खिडकीतून आजीचा आवाज आला, "म्हशीचं सांग आदी. परत आटलीया."

मी म्हशीचं सांगितलं. मग दुसऱ्या खिडकीतून जावयाचं आलं, तेही सांगितलं. मग आणखी कुणाकुणाचं आलं, ते सगळं ओळीनं सांगितलं आणि आमेन म्हणून वर चढलो. पोरानं डबल बेल दिली आणि गाडी सुटली. नेहमीसारखीच, उशिरा.